नॉरफोकची मंगळवार पेठ, शनिवार पेठ

प्रश्न : मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त इंग्लंडात नॉरिच शहरात राहतात. जूनमध्ये आम्ही दोघं महिनाभर त्यांच्याकडे जाणार आहोत. मुलगी म्हणते, लंडन दोन दिवसांत उरकू आणि बाकीचे दिवस नॉरफोकमधली ‘मार्केट टाउन’ बघू. मार्केट टाउन म्हणजे नेमकं काय? आणि बाजारात मुद्दाम जाऊन बघण्यासारखं ते काय असणार?
— एक वाचक, सांगली

उत्तर : मुलीचं ऐका. लंडन पुढेही बघता येईल. नॉरफोकमध्ये घरचं माणूस राहतंय, ही संधी सारखी येत नाही.

नॉरफोक ही इंग्लंडच्या पूर्वेकडची काउंटी, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखी. क्षेत्रफळ तुमच्या सांगली जिल्ह्याहून कमी आणि लोकवस्ती नऊ लाखांच्या आसपास. सपाट, शेतीचा मुलूख. आजही तिथे एकसुद्धा मोटरवे नाही. नॉरिच मधोमध, उत्तरेला आणि पूर्वेला समुद्र, आणि बाकी मुलखात दहा-पंधरा मैलांवर एकेक बाजारगाव.

मार्केट टाउनला मी बाजारगाव म्हणतो. ज्या गावाला आठवड्याचा बाजार भरवण्याची सनद राजाकडून मिळाली, ते बाजारगाव. मध्ययुगात हा हक्क मोठा मोलाचा होता. बाजार भरला की जागेचं भाडं, मालावरची पट्टी, वजन-मापांचा दंड असं सगळं उत्पन्न सनदवाल्याच्या पदरात पडायचं. त्यामुळे शेजारच्या गावाने बाजार सुरू केला की भांडण ठरलेलं. तेराव्या शतकातल्या ब्रॅक्टनच्या कायदेग्रंथात त्यावर एक नेमका तोडगा दिला आहे. माणसाची दिवसाची चाल २० मैल धरायची आणि तिचे तीन भाग करायचे. एक भाग बाजाराला जाण्याचा, एक खरेदी-विक्रीचा आणि एक अंधार पडायच्या आत घरी परतण्याचा. म्हणजे जुन्या बाजारापासून ६⅔ मैलांच्या आत नवा बाजार भरला, तर तो जुन्याला उपद्रव ठरतो. डोक्यावर पाटी घेऊन निघालेल्या बाईच्या पावलांचा हिशोब धरून केलेला हा कायदा मला फार आवडतो. त्या मुलखातली गावं नकाशावर अशी बेताच्या अंतरावर का आहेत, हे त्यातून बरंचसं उलगडतं.

आता वारांचं. आपल्याकडे आठवडी बाजाराचे वार शेजारच्या गावांनी वाटून घेतलेले असतात, म्हणजे व्यापाऱ्याला रोज एका गावी पाल ठोकता येतं. तिथेही तेच. फेकनमचा बाजार गुरुवारी, डिसचा शुक्रवारी, स्वॉफमचा शनिवारी. मी पहिल्यांदा किंग्ज लिनला गेलो तो रविवार होता. ज्या चौकाविषयी एवढं वाचलं होतं, तिथे नुसत्या मोटारी उभ्या होत्या. पुढच्या खेपेला मंगळवारी गेलो आणि तोच चौक ओळखू येईना. म्हणून पहिली गोष्ट हीच सांगतो : नॉरफोकमधलं गाव त्याच्या वारीच बघावं, आणि सकाळी बघावं. दुपार कलली की पालं उतरू लागतात.

सुरुवात किंग्ज लिनपासून करा. या एका गावात दोन बाजारचौक आहेत. एकाचं नाव ‘ट्यूजडे मार्केट प्लेस’, दुसऱ्याचं ‘सॅटर्डे मार्केट प्लेस’. मराठीत सरळ मंगळवार पेठ आणि शनिवार पेठ! पुण्याच्या माणसाला ही नावं समजावून सांगावी लागत नाहीत. शनिवारची पेठ जुनी. बाराव्या शतकाच्या आरंभी नॉरिचच्या बिशपने इथे मठ आणि चर्च उभारलं आणि त्याच्या पुढ्यात शनिवारचा बाजार वसवला. गावाची भरभराट झाली, जागा पुरेना, तेव्हा त्याच शतकात पुढच्या एका बिशपने उत्तरेला नवी वसाहत केली आणि तिला मंगळवारचा बाजार दिला. १२०४ मध्ये जॉन राजाने नगराला सनद दिली. गाव बिशपचं, म्हणून नाव ‘बिशप्स लिन’. आठव्या हेन्रीने धर्मपीठांच्या मालमत्ता ताब्यात घेतल्या, तेव्हा १५३७ मध्ये तेच ‘किंग्ज लिन’ झालं. बाल्टिक समुद्रावरच्या जर्मन व्यापाऱ्यांचा जो हॅन्सा संघ होता, त्याची १४७५ च्या सुमाराची वखार नदीकाठी अजून उभी आहे. हॅन्सा संघाची इंग्लंडात टिकून राहिलेली तेवढी एकच इमारत. थोडं पुढे १६८३ मधली जकात कचेरी, पाण्याच्या काठावर, पेढ्याच्या डब्यासारखी आटोपशीर आणि देखणी.

पण या सगळ्याहून दोन गोष्टी जवळून बघा, आणि दोन्ही शनिवार पेठेतल्या मोठ्या चर्चलाच आहेत. एक म्हणजे मनोऱ्यावरचं घड्याळ. मनोऱ्यावर दोन तबकड्या दिसतील. एक नेहमीची. दुसरीवर आकडेच नाहीत, त्या जागी बारा अक्षरं आहेत. ती ओळीने वाचली की ‘लिन हाय टाइड’ असे शब्द होतात, म्हणजे लिनची भरती. इंग्रजीत हे शब्द लिहायला बरोबर बारा अक्षरं लागतात. काट्याच्या जागी हिरवा ड्रॅगन आहे आणि त्याची जीभ भरतीच्या वेळेकडे रोखलेली असते. १६८३ मध्ये थॉमस ट्यू नावाच्या माणसाने मूळ घड्याळ केलं. बाजाराचा वार आणि समुद्राची वेळ, ज्या दोन गोष्टींवर हे गाव जगलं, त्या दोन्ही एकाच चौकात अशा समोरासमोर आहेत.

दुसरी गोष्ट त्याच चर्चच्या पश्चिमेच्या दाराशी. दगडी चौकटीवर आडव्या रेषा कोरल्या आहेत आणि प्रत्येकीपुढे साल आहे. समुद्राचं पाणी कोणत्या साली कुठवर चढलं, त्याच्या त्या खुणा. १९५३ आहे, १९७८ आहे, २०१३ आहे. आयर्विन पुलावरच्या आकड्यांकडे बघत पावसाळ्यातल्या रात्री काढलेल्या सांगलीकराला त्या रेषांपुढे उभं राहिल्यावर काय वाटेल, ते मी लिहायला नको.

नॉरिचहून लिनला थेट आगगाडी नाही, बस आहे. ती वाटेत स्वॉफमला थांबते. शनिवारी निघालात तर स्वॉफमला उतरा. चौकात १७८३ मध्ये बांधलेला खांबांचा गोल मंडप आहे, घुमटावर धान्याची देवता सिरीस उभी आहे आणि भोवती बाजार भरलेला असतो : भाज्या, फुलांची रोपं, पाव, मासळीची गाडी, पडद्याचं कापड. याच गावात हॉवर्ड कार्टर आत्यांकडे लहानाचा मोठा झाला. तुतनखामनची कबर १९२२ मध्ये शोधणारा तो हाच. पण गावाचा लाडका माणूस वेगळाच आहे. तो आहे जॉन चॅपमन नावाचा फेरीवाला, आणि त्याची गोष्ट तिथे घरोघरी सांगतात. त्याला स्वप्न पडलं, लंडन ब्रिजवर जाऊन उभा राहा, तुझं भलं होईल. बिचारा पायी लंडनला गेला आणि दिवसचे दिवस पुलावर उभा राहिला. शेवटी एका दुकानदाराने हटकलं. चॅपमनने कारण सांगितलं तसा तो हसायला लागला. म्हणाला, “असल्या स्वप्नांवर विश्वास ठेवला असता तर मीही कुठल्या तरी स्वॉफम गावी गेलो असतो. मला स्वप्न पडतं की तिथल्या एका फेरीवाल्याच्या परसात झाडाखाली मोहरांचा हंडा पुरलाय.” चॅपमन काही न बोलता घरी आला आणि झाडाखाली खणलं. गोष्ट ही लोककथाच, पण चर्चच्या जुन्या दप्तरात जॉन चॅपमन नावाचा माणूस खरोखर आहे. पंधराव्या शतकात तो तिथला विश्वस्त होता आणि चर्चच्या एका बाजूच्या बांधकामाचा खर्च त्याने दिला होता. फेरीवाल्याला गावाच्या पाटीवर मानाने मिरवणारं दुसरं गाव माझ्या पाहण्यात नाही.


प्रश्न : नॉरफोक इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर. मग तिथे समुद्रात सूर्यास्त दिसतो, असं माझी वहिनी फोटो दाखवून सांगते, ते कसं शक्य आहे?
— एक भगिनी, रत्नागिरी

उत्तर : वहिनींचं म्हणणं खरं आहे. फोटो बहुधा हन्स्टन्टनचा असणार.

नॉरफोकच्या वायव्य कोपऱ्यात ‘द वॉश’ नावाचा चौकोनी उपसागर आत शिरला आहे. हन्स्टन्टन त्याच्या पूर्व काठावर, म्हणून त्याचं तोंड पश्चिमेला. देश पूर्वेकडे संपत असला तरी हे गाव मावळतीकडे बघतं. तिथला कडाही विलक्षण आहे. तळाला गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचा दगड, त्यावर जेमतेम मीटरभराचा लाल चुनखडीचा पट्टा आणि त्यावर पांढरीशुभ्र खडू-चुनखडी. बर्फीचे थर लावावेत तसा. हे थर सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. आपला सह्याद्रीचा काळा कातळ साडेसहा कोटींच्या आसपासचा, म्हणजे त्यांच्यापुढे धाकटाच. मावळतीचं ऊन त्या कड्यावर पडतं ती दहा-पंधरा मिनिटं चुकवू नका, पण कड्याला टेकून उभं राहू नका. वरून दगड सुटतात.

आणखी एक गंमत सांगतो. क्रोमर आणि शेरिंगमचा किनारा उत्तरेकडे तोंड करून आहे. जूनमध्ये तिथे सूर्य ईशान्येला उगवतो आणि वायव्येला मावळतो. त्यामुळे एकाच पुळणीवर पहाटे साडेचारच्या सुमाराला समुद्रातून सूर्य वर येताना दिसतो आणि रात्री सव्वानऊनंतर समुद्रातच बुडताना दिसतो. रत्नागिरीला ही सोय नाही!

आता मात्र तुम्हाला कोकणच्या माणसाच्या नात्याने एक सांगायचं आहे. नॉरफोकच्या उत्तर किनाऱ्यावर भरती-ओहोटीला हलक्यात घेऊ नका. तुमच्याकडे समुद्र मागे हटतो तो डोळ्यांदेखत. वेल्स-नेक्स्ट-द-सी, होकम, ब्रँकॅस्टर या भागात तो मैलभर मागे जातो आणि नजर पोचेल तिथवर ओली वाळू उरते. माणूस चालत सुटतो. भरती समोरून आली असती तर दिसली असती, पण ती खाड्यांच्या वाटेने मागून येते आणि परतीची वाट आधी बुडते. ब्रँकॅस्टरच्या वाळूत ‘व्हीना’ नावाच्या बोटीचा सांगाडा ओहोटीला दिसतो. तो बघायला म्हणून गेलेल्या लोकांचे जीव गेले आहेत. वेल्सच्या पुळणीवर भरती सुरू झाली की भोंगा वाजतो. तो वाजला की खाडीपलीकडे गेलेल्या माणसाने हातातलं सगळं टाकून अलीकडे यायचं. घरून निघताना भरतीचं वेळापत्रक बघायचं, अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास जास्तच जपायचं. हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. आपल्या घरची म्हातारी माणसं तिथी बघून उधाण सांगत आलीच आहेत.

१९५३ च्या ३१ जानेवारीची रात्र तिथले लोक अजून विसरलेले नाहीत. पौर्णिमा नुकतीच झाली होती, उधाणाची भरती होती आणि त्यातच उत्तर समुद्रावरून वादळी वारा सुटला. इंग्लंडात त्या एका रात्री ३०७ माणसं गेली, त्यांतली १०० नॉरफोकमधली. हन्स्टन्टनहून लिनकडे निघालेली आगगाडी अंधारात एका लाकडी बंगलीला धडकली. बंगली पुराच्या पाण्यावर तरंगत रुळांवर आली होती. तिथेच रीस लेमिंग नावाच्या बावीस वर्षांच्या अमेरिकन हवाई सैनिकाने गोठवणाऱ्या पाण्यात रबरी होडी ढकलत नेऊन २७ जणांना बाहेर काढलं. त्याला स्वतःला पोहता येत नव्हतं.

सुखाची गोष्टही वेल्सचीच सांगतो. तिथल्या धक्क्यावर सुट्टीत पोरांची रांग बसलेली असते. दोरीच्या टोकाला बेकनचा तुकडा, शेजारी पाण्याने भरलेली बादली. दोरी खाली सोडायची, जड लागली की दम धरून, हिसका न देता वर ओढायची. अर्ध्या वाटेवर खेकडा बेकन सोडून पाण्यात पडतो आणि रांगेतून एकच हळहळ उठते. या खेळाला तिथे ‘गिलीइंग’ म्हणतात. एका बादलीत फार खेकडे भरायचे नाहीत आणि जाताना सगळे पाण्यात सोडून द्यायचे, हे पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. नातवंडं बरोबर असतील तर त्या दिवशी दुसरा काही बेत आखू नका.

मॉर्स्टनच्या धक्क्यावरून सील बघायला होड्या जातात. त्यांच्या वेळा भरतीप्रमाणे रोज बदलतात, म्हणून आदल्या दिवशी विचारून ठेवा. जून ते ऑगस्ट कॉमन सीलच्या पिल्लांचे दिवस, ग्रे सीलची पिल्लं हिवाळ्यात.


प्रश्न : नॉरफोकमधल्या गावांची नावं जशी लिहितात तशी म्हणत नाहीत, हे खरं का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : खरं आहे, आणि तिकीट काढताना अडचण होते. स्पेलिंगप्रमाणे जे ‘वायमंडहॅम’ वाचलं जाईल, ते ‘विंडम’. ‘हॅपिसबर्ग’ दिसतं ते ‘हेझबरा’. ‘स्टिफकी’ला जुनी माणसं ‘स्ट्यूकी’ म्हणतात आणि तिथल्या निळसर शिंपल्या त्याच नावाने विकल्या जातात. ‘क्ले’ वाचाल ते ‘क्लाय’. नॉरिचमध्ये मधलं डब्ल्यू गिळायचं. आणि हन्स्टन्टनला गावकरी नुसतं ‘हन्स्टन’ म्हणतात.

एका गावाचं नाव मात्र तुमच्या तोंडात आधीपासून आहे. नॉर्थ वॉल्शमजवळ ‘वुस्टेड’ नावाचं खेडं आहे. मध्ययुगात तिथल्या विणकरांनी लोकरीचं जे घट्ट, गुळगुळीत कापड काढलं, त्याला गावाचंच नाव पडलं. सूट शिवायला गेल्यावर आपला शिंपी ‘वूर्स्टेड’ म्हणून जे कापड पुढे टाकतो, ते नाव या खेड्याचं. गाव छोटंसं, पण चर्च बघाल तर शहराला शोभेल असं. लोकरीच्या पैशातून उभं राहिलेलं.


प्रश्न : क्रोमरच्या खेकड्यांचं एवढं नाव का आहे? आणि आमच्यात एक जण शाकाहारी आहे, त्याने काय खावं?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : क्रोमरला बंदर नाही. होड्या पुळणीवरूनच ट्रॅक्टरने पाण्यात लोटतात आणि ट्रॅक्टरनेच वर ओढून आणतात. हे दृश्य सकाळी धक्क्याच्या पूर्वेला बघायला मिळतं. समोर पाण्याखाली चुनखडीचा लांबलचक खडक आहे. त्यावर वाढलेला खेकडा आकाराने लहान, पण मांसाने भरलेला आणि चवीला गोडसर असतो, ही त्याची ख्याती. दुकानात ‘ड्रेस्ड क्रॅब’ मागा. उकडलेल्या खेकड्याची पाठ उघडून, कल्ले काढून टाकून, नांग्यांमधलं पांढरं मांस आणि पाठीतलं तपकिरी मांस वेगळं करतात आणि त्याच कवचात शेजारी शेजारी भरून देतात. वर लिंबू, सोबत पाव आणि लोणी. मसाला काही नाही. कुर्ल्यांच्या तिखट कालवणाची सवय असलेल्या जिभेला पहिला घास अळणी वाटेल. दुसऱ्या-तिसऱ्या घासाला खेकड्याची मूळ चव कळते आणि मग मसाल्याची आठवण येत नाही, असा माझा अनुभव आहे.

क्रोमरमध्येच हेन्री ब्लॉगच्या नावाचं छोटं संग्रहालय आहे. तिथे जा. हा माणूस पोटासाठी खेकडे धरायचा आणि वादळ झालं की जीवरक्षक होडी घेऊन समुद्रात जायचा. अठराव्या वर्षी, १८९४ मध्ये, तो या कामाला लागला आणि १९४७ मध्ये निवृत्त झाला. त्या ५३ वर्षांत त्याच्या होड्यांनी ८७३ जीव वाचवले. जीवरक्षक संस्थेची तीन सुवर्णपदकं आणि चार रौप्यपदकं त्याला मिळाली, एवढी दुसऱ्या कुणालाही मिळालेली नाहीत. ही संस्था आजही लोकवर्गणीवर चालते आणि होडीवर जाणारे बहुतेक सगळे स्वयंसेवक असतात. दारातल्या डब्यात काहीतरी टाकूनच बाहेर या.

शाकाहारी मित्रासाठी उन्हाळ्यात ‘सॅम्फायर’ मिळते. खारपाट जमिनीत उगवणारी, बोटभर लांबीची हिरवीगार भाजी. मासळीवाल्याकडेच मिळते, पण आहे निखळ शाकाहारी. वाफवून लोण्यावर परतायची आणि मीठ मुळीच घालायचं नाही, कारण ती अंगचीच खारट असते. आपल्या खाडीकाठच्या मोरसच्या भाजीची आठवण येते. ग्रेट यार्मथच्या बाजारातल्या चिप्सच्या टपऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या आहेत आणि लोक चिप्स खायला म्हणून त्या बाजारात जातात. पण इंग्लंडात कुठेही चिप्स घेताना एक प्रश्न आधी विचारा : तेलात तळता की गाईच्या चरबीत? बऱ्याच ठिकाणी चरबी वापरतात. विचारलं की सरळ खरं सांगतात, कुणी वाईट वाटून घेत नाही.


प्रश्न : बाजारगावं आणि समुद्राकाठची गावं यांत जुनी कोणती?
— एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : वस्ती दोन्हीकडे जुनीच, पण पर्यटनाचं गाव म्हणाल तर फरक मोठा आहे. बाजारगाव सनदेने घडलं, समुद्राकाठचं गाव आगगाडीने. हन्स्टन्टनला रेल्वे १८६२ मध्ये आली, क्रोमरला १८७७ मध्ये. १८८३ मध्ये क्लेमेंट स्कॉट नावाचा पत्रकार क्रोमरला उतरला, शेतांतली लाल पॉपीची फुलं आणि कड्यावरचा चर्चचा पडका मनोरा बघून भारावला आणि लंडनच्या वर्तमानपत्रात लिहीत राहिला. त्याने या भागाला ‘पॉपीलँड’ म्हटलं आणि लोकांची रीघ लागली. हॉटेलं उठली. आजचा धक्का १९०१ चा आहे आणि त्याच्या टोकाला, समुद्रावर, अजून नाटकघर चालतं. १९६० च्या दशकात यातले बरेच रेल्वेमार्ग बंद पडले. शेरिंगम ते होल्ट हा तुकडा हौशी लोकांनी पुन्हा जिवंत केला, त्यावर वाफेचं इंजिन धावतं. नॉरिच ते क्रोमर आणि शेरिंगम गाडी मात्र कधीच थांबली नाही. पाऊण तासात क्रोमर.


प्रश्न : या सगळ्यात आपल्या माणसांशी धागा जुळेल असं काही आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आहे, आणि तो पुण्याशीच आहे.

आधी दोन छोटे धागे. नेल्सनचा जन्म नॉरफोकच्याच बर्नम थॉर्प या खेड्यातला, १७५८ चा. पोरवयात ‘सीहॉर्स’ या जहाजावर तो आपल्या मुंबईपर्यंत आला होता. इकडच्या तापाने इतका खंगला की १७७६ मध्ये त्याला मायदेशी पाठवावं लागलं. दुसरा धागा पंजाबचा. रणजितसिंहांचा मुलगा दुलीपसिंह, ज्याचं राज्य १८४९ मध्ये इंग्रजांनी घेतलं, तो थेटफर्ड गावाजवळ, काउंटीच्या हद्दीपलीकडे एल्व्हडन इथे राहिला आणि तिथेच त्याला पुरलं. त्याचा घोड्यावरचा पुतळा थेटफर्डमध्ये नदीतल्या बेटावर आहे. त्याचा मुलगा फ्रेडरिक याने थेटफर्डला एक जुनं लाकडी घर दान दिलं, तेच आज गावाचं संग्रहालय आहे.

पण पुण्याच्या माणसाने थेटफर्डला जायचं ते किंग स्ट्रीटवरच्या दुसऱ्या पुतळ्यासाठी. सोन्याचा मुलामा दिलेला हा पुतळा थॉमस पेनचा, १९६४ मध्ये उभारलेला. एका हातात पिसाची लेखणी, दुसऱ्या हातात पुस्तक. नीट बघा, पुस्तक उलटं धरलेलं आहे. ते आहे ‘राइट्स ऑफ मॅन’.

पेन १७३७ मध्ये याच गावात जन्मला. बाप बायकांच्या कॉर्सेट शिवायचा, पोराने काही वर्षं तोच धंदा केला. गावच्या शाळेत शिकलेल्या या कारागिराच्या मुलाने अमेरिकेच्या स्वातंत्र्याला शब्द पुरवले. १७९१-९२ मध्ये ‘राइट्स ऑफ मॅन’ लिहून त्याने सांगितलं की माणसाचे हक्क त्याच्या जन्माबरोबर येतात, कुणा राजाने किंवा कुळाने दिलेले नसतात. त्या पुस्तकासाठी इंग्लंडने त्याच्यावर खटला भरला.

ते पुस्तक समुद्र ओलांडून पुण्यात पोचलं. १८४७ च्या सुमारास ते विशीतल्या जोतीराव फुल्यांच्या हाती पडलं आणि पुढच्याच वर्षी, १८४८ मध्ये, त्यांनी मुलींसाठी शाळा काढली. फुल्यांना जे दिसत होतं, ते त्यांना पेनने दाखवलं असं मी म्हणणार नाही. ते त्यांना आपल्या पुण्यातच रोज दिसत होतं. पण हे अन्याय्य आहे असं म्हणणारा आपण एकटेच नाही, हा भरवसा एका दूरच्या बाजारगावातल्या माणसाने त्यांना दिला. या ऋणाबद्दल मला मनापासून आदर वाटतो. थेटफर्डला जाणाऱ्या मराठी माणसाने त्या पुतळ्यापुढे क्षणभर थांबावं, एवढं मागणं आहे.

फुल्यांचा वाडा गंज पेठेतला. गंज म्हणजेही बाजारच, आणि आज त्या पेठेला महात्मा फुल्यांचंच नाव आहे. पेनचा पुतळाही बाजारगावाच्या ऐन वर्दळीत उभा आहे. नॉरिचहून थेटफर्डला गाडीने अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो, आणि स्टेशनवरून पुतळ्यापर्यंत चालत जाता येतं. थेटफर्डचा बाजार मंगळवारी आणि शनिवारी भरतो.